पाठवलेले आणि लावून ठेवलेले: शाळेतील माहिती पुन्हा सापडेल अशी कशी ठेवावी?

दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली की बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या मोबाईलवर एकच वर्दळ सुरू होते. सराव प्रश्नपत्रिका, आकृत्या, नकाशे, उत्तरसूची, शिक्षण खात्याकडून कन्नडमध्ये आलेली परिपत्रके आणि कोणीतरी रात्री जागून केलेला त्यांचा मराठी अनुवाद, असे सारे एका गटातून दुसऱ्या गटात जात राहते. अशाच एका फेब्रुवारीत निपाणीकडच्या एका सहकारी बाईंचा मला फोन आला. "सर, दोन वर्षांपूर्वी तुम्ही विद्युतधारेवरचा प्रश्नसंच टाकला होता, तो पुन्हा पाठवाल का?" संच मला चांगला आठवत होता. तो मी केलेला नव्हता. खानापूर तालुक्यातील एका ज्येष्ठ गुरुजींनी केला होता आणि मी फक्त पुढे पाठवला होता. मधल्या काळात माझा मोबाईल बदलला होता, गुरुजी निवृत्त झाले होते, आणि गटात मागे मागे सरकत गेल्यावर जे हाती लागले ते एक धूसर चौकोनी चित्र होते, ज्यावर कितीदा बोट ठेवले तरी फाईल उघडत नव्हती. शेवटी बाईंनी आणि मी मिळून तो संच आठवून आठवून पुन्हा लिहिला. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

माहिती एकमेकांना देण्याची साधने आपल्याकडे भरपूर आली आहेत. दिलेली माहिती लावून ठेवण्याची साधनेही आली आहेत, त्यांपैकी बहुतेक फुकट आहेत आणि त्याच मोबाईलवर चालतात. परंतु ती वापरायची सवय आपल्याला लागलेली नाही, कारण ती कशी चालतात हे कोणी साध्या मराठीत सांगितलेले नाही. त्यामागची तत्त्वे मोजकी आहेत आणि ती कळली की कोणते ॲप वापरायचे हा प्रश्न दुय्यम ठरतो.

पाठवणे म्हणजे ठेवणे नव्हे

व्हॉट्सॲप हे टपालासारखे काम करते. तुम्ही पाठवलेली फाईल ते पलीकडच्या मोबाईलपर्यंत पोहोचवते, आणि पोहोचवणे जमले नाही तर सुमारे ३० दिवस वाट पाहून ती आपल्याकडून काढून टाकते. पोस्टमन पत्र देऊन गेल्यावर पत्र जपण्याची जबाबदारी घरच्यांची असते, तशी फाईल जपण्याची जबाबदारी त्यानंतर प्रत्येकाच्या मोबाईलची असते. मोबाईल भरला म्हणून कोणी फाईल पुसली, कोणाचा मोबाईल बिघडला, कोणी ती वेळेत उतरवूनच घेतली नाही, तर एका गटात १,०२४ सभासद असूनही दोन वर्षांनी ती एकाकडेही सापडत नाही. जून महिन्यात बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकाला तर गटातील जुना साठा सहसा दिसतही नाही.

बेळगावच्या रविवार पेठेत माल उतरतो तेव्हा पोती आधी रस्त्याकडेला पडतात, परंतु कोणताही व्यापारी ती तशीच ठेवत नाही. ती गोदामात जातात, थप्पी लागते, आणि कोणत्या थप्पीत काय आहे हे वहीत लिहिले जाते. आपल्या शैक्षणिक साहित्याचे गेली काही वर्षे असे झाले आहे की पोती रोज उतरतात आणि रस्त्यावरच राहतात. ग्रंथालयशास्त्राचे भारतीय जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतील चौथा नियम 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. वस्तू आपल्याकडे असणे आणि हवी तेव्हा सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नियमामागचे गृहीत आहे. पुस्तकांच्या बाबतीत ते आपण मान्य केले. मोबाईलवरील फायलींच्या बाबतीत अजून केलेले नाही.

सीमाभागात हे अधिक का बोचते?

पुण्यातील किंवा कोल्हापुरातील शिक्षकाची एखादी फाईल हरवली तर त्याला तसल्याच दहा फायली दुसरीकडे मिळतात. आपली स्थिती तशी नाही. आपली मुले मराठीतून शिकतात, पण अभ्यासक्रम कर्नाटकाचा असतो. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू, तमिळ आणि तेलुगूबरोबर मराठीतही पुस्तके काढतो, त्यामुळे पुस्तक हाती येते. मात्र त्या पुस्तकावर आधारलेले पूरक साहित्य मराठीत फार थोडे असते. कर्नाटकातील बहुतेक डिजिटल साहित्य कन्नड आणि इंग्रजीत आहे. महाराष्ट्रातील साहित्य आपल्या भाषेत आहे, परंतु ते बालभारतीच्या पुस्तकांप्रमाणे रचलेले आहे, आणि त्यातील धड्यांचा क्रम, खोली आणि प्रश्नांचे स्वरूप आपल्या मुलांच्या परीक्षेशी जुळत नाही.

याचा अर्थ असा की कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाला धरून मराठीत केलेली प्रत्येक फाईल ही इथल्याच कोणा शिक्षकाने केलेली असते, आणि ती हरवली तर बाजारात तिची दुसरी प्रत मिळत नाही. बेळगाव जिल्ह्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. एका बाजूला केलेले काम दुसऱ्या बाजूला कळतच नाही आणि तेच काम पुन्हा होते. दरवर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागणे हा शिक्षकांच्या वेळेचा आणि उमेदीचा अपव्यय आहे, आणि मला तो फार लागतो.

प्रत आणि पत्ता

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कोणतीही माहिती दुसऱ्याला दोन प्रकारे देता येते: तिची प्रत द्यायची, किंवा ती जिथे आहे तिथला पत्ता द्यायचा. या पत्त्यालाच लिंक म्हणतात.

शेतीचा उतारा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. पाच वर्षांपूर्वी काढलेल्या उताऱ्याची झेरॉक्स घरात असते, परंतु मधल्या काळात वाटणी झाली, बोजा चढला, नाव लागले, तर त्या झेरॉक्सवर यातले काहीच दिसत नाही. बँकेत कर्जासाठी जाताना आपण 'भूमी' केंद्रातून ताजा उतारा काढतो, कारण खरी नोंद दप्तरात असते आणि हातातील कागद त्या नोंदीची एका दिवसाची छबी असते. व्हॉट्सॲपवर फिरणारी फाईल ही अशी झेरॉक्स आहे. प्रश्नसंचातील सातव्या प्रश्नाचे उत्तर चुकले असल्याचे कळून गुरुजींनी ते दुरुस्त केले, तरी आधी गेलेल्या शंभर प्रतींमध्ये चूक तशीच राहते, आणि कोणती प्रत नवी व कोणती जुनी हे कोणालाच ओळखता येत नाही. त्याऐवजी फाईल गूगल ड्राइव्हसारख्या इंटरनेटवरील साठवणीच्या जागेत एकदाच ठेवली आणि गटात फक्त तिची लिंक टाकली, तर एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वांना त्याच क्षणी दिसते. व्हॉट्सॲप सोडून देण्याची गरज नाही. त्यातून पोती पाठवण्याऐवजी गोदामाचा पत्ता पाठवायचा, एवढाच बदल आहे.

यात एक अडचण सर्वांना येते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ड्राइव्हवर ठेवलेली फाईल सुरुवातीला फक्त ठेवणाऱ्यालाच उघडता येते. परवानगी न बदलता लिंक गटात टाकली की चाळीस जणांकडून 'परवानगी द्या' अशा चाळीस विनंत्या येतात, आणि त्या मान्य होईपर्यंत परीक्षा होऊन जाते. म्हणून लिंक पाठवण्यापूर्वी 'लिंक असणाऱ्या कोणालाही' हा पर्याय निवडावा आणि सोबत 'फक्त पाहता येईल' हे बंधन ठेवावे. सर्वांना बदल करण्याची मुभा दिली तर कोणाचे तरी बोट चुकून लागते आणि अर्धा संच पुसला जातो. वाचनालयातील पुस्तक सर्वांना वाचायला मिळते, परंतु त्यावर पेन चालवायची परवानगी कोणालाच नसते, तसेच हे आहे.

पाठ्यपुस्तकांत धड्याच्या सुरुवातीला छापलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, हा देखील पत्ताच आहे, फक्त चित्राच्या रूपात लिहिलेला. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवण्यासाठी तो तयार झाला. केंद्र सरकारचा 'दीक्षा' हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर असे कोड पाठ्यपुस्तकांत छापले जाऊ लागले. दीक्षाच्या चौकोनात धडा किंवा चित्रफीत भरलेली नसते, त्यात सहा अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक असतो. त्या क्रमांकामागे कोणते साहित्य दाखवायचे हे मंचावर ठरते, त्यामुळे पुस्तक छापून झाल्यावरही मागचे साहित्य बदलता येते. आपल्या शाळेच्या भिंतीवर, प्रयोगशाळेच्या दारावर किंवा सहामाहीच्या टिपणांवर असा चौकोन आपणही फुकट तयार करून लावू शकतो, आणि ज्या मुलाच्या घरी एकच मोबाईल आहे त्यालाही लांबलचक पत्ता टंकित करावा लागत नाही.

कप्पे आणि खुणा

पत्ता दिला तरी गोदामात शिस्त हवी. ती लावण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग कप्प्यांचा: 'दहावी' नावाच्या कप्प्यात 'विज्ञान', त्यात 'विद्युतधारा'. हा मार्ग चांगला आहे, परंतु त्याला एक मर्यादा आहे. कोयना धरणातून होणारी वीजनिर्मिती दाखवणारी आकृती विज्ञानाच्या कप्प्यात ठेवायची की भूगोलाच्या? वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहते, आणि शोधणारा माणूस नेमका दुसराच कप्पा उघडतो.

दुसरा मार्ग खुणांचा, ज्यांना टॅग म्हणतात. लग्नघरात वावरणारी एकच बाई कोणाची आत्या असते, कोणाची मावशी, कोणाची जाऊ आणि कोणाची सून. ती बसलेली असते एकाच खोलीत, पण प्रत्येक जण तिला आपल्या नात्याने शोधतो आणि प्रत्येकाला ती सापडते. टॅग म्हणजे फाईलची नाती. त्या आकृतीला 'वीज', 'धरणे', 'भूगोल', 'दहावी', 'आकृती' अशा पाच खुणा लावल्या की पाचांपैकी कोणत्याही वाटेने तिच्यापर्यंत पोहोचता येते. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'डिलिशस' या सेवेने ही पद्धत सामान्य वापरकर्त्यांपर्यंत नेली: स्वतःला उपयोगी वाटलेल्या लिंका साठवायच्या, त्यांना आपल्या शब्दांत खुणा लावायच्या आणि इतरांनी लावलेल्या खुणांवरून त्यांचा साठाही धुंडाळायचा. एका विषयाचे पन्नास शिक्षक असे करू लागले की प्रत्येकाच्या हाती पन्नास जणांची निवड येते.

मात्र नाती सर्वांनी एकाच शब्दात सांगितली पाहिजेत. याचे उदाहरण आपल्या गावाच्या नावातच आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले, आपण मराठीत 'बेळगाव' लिहितो, आणि जुन्या कागदांवर इंग्रजीत तिसरेच रूप आहे. संगणक जुळणी अक्षरशः करतो, त्यामुळे एका नावाने शोधले तर दुसऱ्या नावाने ठेवलेला नकाशा अनेकदा समोर येत नाही. यात कोणते नाव योग्य हा वाद घालण्याची गरज नाही, दोन्ही नावांच्या खुणा लावाव्यात. विषयातील संज्ञांच्या बाबतीत मात्र एकच रूप ठरवावे, नाहीतर कोणी 'अपूर्णांक' लिहितो आणि कोणी 'भिन्न', आणि निम्मे साहित्य निम्म्यांना दिसत नाही.

धड्याच्या क्रमांकावर विसंबून नाव देणे ही दुसरी नेहमीची चूक आहे. एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाशाचे परावर्तन आणि अपवर्तन हा धडा पूर्वी १० वा होता. अभ्यासक्रमात कपात झाल्यावर तो ९ वा झाला, आणि 'धडा १०' एवढेच नाव असलेल्या सगळ्या फायली एका झटक्यात दिशाभूल करणाऱ्या ठरल्या. क्रमांक बदलतो, संकल्पना बदलत नाही. म्हणून 'दहावी-विज्ञान-प्रकाशाचे अपवर्तन-प्रश्नसंच-२०२५' असे लांब वाटणारे नाव द्यावे. मोबाईलने आपोआप दिलेले आकड्यांचे नाव कधीही तसेच ठेवू नये. या एका सवयीला खर्च नाही, प्रशिक्षण नाही, आणि सर्वांत जास्त फायदा तिचाच होतो असे माझे मत आहे.

अक्षरे संगणकाला वाचता येतात का?

मराठीच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे जी इंग्रजी साहित्याला लागत नाही. संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत जगातील जवळजवळ प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. देवनागरीसाठी १२८ जागांचा एक पट्टा राखून ठेवला आहे आणि कन्नडसाठी तितकाच दुसरा. १९९१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली, परंतु आपल्याकडे छपाईच्या दुकानांत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट पुढेही अनेक वर्षे वापरले गेले. त्या फॉन्टमध्ये खरा क्रमांक इंग्रजी किंवा अन्य चिन्हाचा असतो आणि त्यावर फक्त मराठी अक्षराचे सोंग चढवलेले असते. दशावतारातील पात्राचा मुखवटा उतरवला की आतील माणूस दिसतो, तसे ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तिथे ती फाईल उघडली की मराठी मजकुराच्या जागी अर्थहीन इंग्रजी चिन्हांची रांग दिसते. अशी फाईल डोळ्यांना मराठी दिसली तरी शोधयंत्राला ती मराठी नसते, आणि 'विद्युतधारा' हा शब्द शोधला तर ती कधीच सापडणार नाही.

कागदाचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ यांचेही तसेच आहे: ते अक्षरांचे चित्र असते, मजकूर नसतो. छापील मराठीचे असे चित्र गूगल ड्राइव्हवर ठेवून 'डॉक्स'मध्ये उघडले तर त्यातील अक्षरे ओळखून मजकूर वेगळा काढून मिळतो; जोडाक्षरांत चुका राहतात आणि त्या हाताने सुधाराव्या लागतात, परंतु सर्व पुन्हा टंकित करण्यापेक्षा श्रम कितीतरी कमी होतात. नवे काही लिहायचे असेल तर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहावे. मोबाईलच्या मराठी कळफलकावर आपण जे लिहितो ते युनिकोडच असते, म्हणजे व्हॉट्सॲपवर मराठीत निरोप लिहिणारा प्रत्येक शिक्षक ही विद्या आधीच शिकलेला आहे.

सर्वांनी मिळून लिहायची वही

आतापर्यंत आपण एकाने करायचे आणि इतरांनी वापरायचे अशा साहित्याचा विचार केला. विकी हे याच्या पुढचे पाऊल आहे. विकी म्हणजे असे पान जे अनेकांनी मिळून लिहायचे, दुरुस्त करायचे आणि वाढवत न्यायचे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. शब्द हवाई भाषेतील असून त्याचा अर्थ 'झटपट' असा आहे. विकिपीडिया २००१ मध्ये आली आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाली.

कोणीही बदलू शकेल अशा पानावर विश्वास कसा ठेवायचा, ही शंका योग्य आहे. तिचे उत्तर आपल्या हजेरीपटात आहे. हजेरीपटावर चूक झाली तर पांढरी शाई लावून ती झाकायची नसते; एक रेघ मारून, जुने वाचता येईल असे ठेवून, बाजूला नवे लिहून सही करायची असते. विकी हाच नियम पाळते. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि आधी काय होते याची नोंद पानाच्या 'इतिहास' या भागात राहते, आणि कोणी खोडसाळपणा केला तर पूर्वीचे रूप परत आणता येते. अनेकांनी लिहिलेला मजकूर चुकीचा असणारच नाही असे नाही. पण चूक कुठे शिरली हे शोधता येते, आणि गटात फिरणाऱ्या फाईलमध्ये ते शोधता येत नाही.

कर्नाटकात शिक्षकांनी असे काम करून दाखवलेले आहे. 'कर्नाटक ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस' ही विकी राज्याच्या शिक्षक प्रशिक्षण यंत्रणेच्या आणि बेंगळुरूच्या 'आयटी फॉर चेंज' या संस्थेच्या सहकार्यातून उभी राहिली, आणि सरकारी शाळांतील विषय शिक्षकांनी गणित, विज्ञान, समाजविज्ञान अशा विषयांची पाने कन्नड व इंग्रजीत तिथे भरली. कन्नड शिक्षकांना जे जमले ते मराठी माध्यमाच्या शिक्षकांना न जमण्याचे कारण मला दिसत नाही. संख्या कमी आहे हे खरे. पण संख्या कमी असेल तर काम वाटून घेण्याची गरज अधिकच असते. विकी उभारणे जड वाटत असेल तर सर्वांना दिसणारी एक साधी तक्ता-फाईल पुरे आहे, ज्यात इयत्ता, विषय, संकल्पना, साहित्याचा प्रकार, लिंक आणि करणाऱ्याचे नाव एवढे सहा रकाने असतील.

"हे सगळे गूगलवर शोधले की मिळतेच"

हा आक्षेप हल्ली अधिक ठामपणे घेतला जातो, कारण आता प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. परंतु शोधयंत्र असो वा ही नवी साधने, ती मुख्यतः उघड्या इंटरनेटवर असलेल्या मजकुराच्या आधारे काम करतात. आपले साहित्य व्हॉट्सॲपच्या बंद गटांत, जुन्या फॉन्टमध्ये आणि फोटोंच्या रूपात अडकलेले असेल तर त्यांच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. मग कर्नाटकाच्या अभ्यासक्रमावर मराठीत प्रश्न विचारला की महाराष्ट्रातील पुस्तकाचे किंवा इंग्रजीतून ओढूनताणून केलेले उत्तर येते. आपण आपले साहित्य युनिकोडमध्ये आणि उघड्या जागी ठेवू, तेव्हाच ते शोधात येईल.

"जंगलपट्ट्यात रेंजच नसते"

कणकुंबी, जांबोटी भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, आणि त्या शाळांना वगळून केलेली कोणतीही व्यवस्था मला मान्य नाही. लिंक हे एकच उत्तर नाही. ड्राइव्हमधील फाईल 'ऑफलाइन' करून ठेवली तर ती पुढे इंटरनेटशिवाय उघडते. महिन्यातून एकदा तालुक्याच्या बैठकीला आलेल्या शिक्षकाने संपूर्ण साठा पेनड्राइव्हवर उतरवून न्यावा आणि कप्प्याच्या नावात ती तारीख लिहावी, म्हणजे झेरॉक्स कोणत्या दिवसाची आहे हे कळेल. 'किविक्स' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने संपूर्ण मराठी विकिपीडिया एका मेमरी कार्डावर घेता येते आणि शाळेतील एका जुन्या संगणकावर इंटरनेटशिवाय वाचता येते. जिथे रेंज नाही तिथे नीट नावे दिलेला साठा जास्त उपयोगी पडतो, कारण तिथे चुकीची फाईल आली म्हणून दुसरी लगेच मागवता येत नाही.

"माझ्या कष्टांवर दुसऱ्याचे नाव लागेल"

हे दुःख खरे आहे. मी स्वतः केलेली टिपणे, वरच्या ओळीतील नाव पुसून, दुसऱ्या कोणाच्या नावाने माझ्याच मोबाईलवर परत आलेली मी पाहिली आहेत. पण गटात फिरणाऱ्या प्रतींतच हे सर्वांत सोपे असते. ठरलेल्या जागी, तारखेसह ठेवलेली मूळ फाईल हाच मालकीचा चांगला पुरावा ठरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण लिहिलेल्या मजकुराचा हक्क नोंदणीशिवायही आपलाच असतो. तो हक्क ठेवून वापराची परवानगी देण्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स हे तयार परवाने आहेत, जे २००२ पासून उपलब्ध आहेत. फाईलच्या शेवटी 'क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेय आवश्यक' एवढे लिहिले की कोणीही ती वापरू शकतो, सुधारू शकतो, पण मूळ कर्त्याचे नाव दिले पाहिजे ही अट राहते. याच कायद्याची दुसरी बाजूही आहे: शिकवण्याच्या ओघात इतरांचे साहित्य वापरण्यास कलम ५२ मध्ये सवलत आहे, परंतु बाजारातील संपूर्ण गाईड स्कॅन करून गटात टाकणे त्या सवलतीत बसते असे समजणे धोक्याचे आहे.

इथेच मुलांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. प्रश्नसंच उघडा ठेवावा. मुलांची गुणपत्रके, पालकांचे फोन क्रमांक, आधारचे तपशील कधीही लिंकवर उघडे ठेवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे आणि त्यांची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. दोन कप्पे पहिल्या दिवसापासून वेगळे असावेत.

"फुकटची सेवा उद्या बंद पडली तर?"

पडतेच. ज्या डिलिशसचा वर उल्लेख केला ती याहूने २००५ मध्ये घेतली, २०११ मध्ये विकली, आणि २०१७ मध्ये पुन्हा मालक बदलल्यावर तीत नवे काही साठवणे बंद झाले. जगभरचे शिक्षक वर्गासाठी वापरत असलेली विकीस्पेसेस ही सेवा २०१८ मध्ये बंद होऊ लागली. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. अमेरिकेच्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवून दिले की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून सहा रकान्यांचा तो तक्ता आणि मूळ फायली यांची एक प्रत वर्षातून दोनदा उतरवून शाळेच्या संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी. जी सेवा आपली माहिती पुन्हा उतरवून घेऊ देत नाही, तिच्यात कितीही सोयी असल्या तरी काही ठेवू नये.

सेवेपेक्षाही लवकर नाहीसे होते ते खाते. ड्राइव्हवरील फाईल ज्या खात्यातून ठेवली त्या खात्याच्या मालकीची असते. ते खाते गेले की लिंक सर्वांसाठी मेली. २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणे सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यातील फायलींसह काढून टाकली जाऊ शकतात. शिक्षक निवृत्त होतात, मोबाईल क्रमांक बदलतात, काही जण आपल्यातून जातात. त्यामुळे साठा एका व्यक्तीच्या खात्यात न ठेवता शाळेच्या नावाच्या खात्यात ठेवावा आणि त्याची किल्ली किमान दोघांकडे असावी.

मुख्याध्यापक बदलताना चार्ज यादी होते. तीत बाके, कपाटे, घंटा, प्रयोगशाळेतील काचसामान, ग्रंथालयाची पुस्तके, सर्व मोजून लिहिले जाते आणि दोघांच्या सह्या होतात. आमच्या शाळेच्या यादीत यंदा सर्वांत खाली एक ओळ हाताने वाढवली: शाळेच्या ड्राइव्ह खात्याचे नाव, साठ्यातील फायलींची संख्या, पेनड्राइव्हवरील प्रतीची तारीख. निपाणीच्या बाईंनी आणि मी पुन्हा लिहिलेला विद्युतधारेवरचा संच त्यात आहे, आणि त्याच्या शेवटच्या रकान्यात नाव खानापूरच्या गुरुजींचे आहे.